गाठीच्या आतली घुसमट



गेल्या महिन्यात दवाखाना बंद करण्याच्या वेळी एका रुग्णाचे चिरंजीव भेटावयास आले. त्यांच्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे निदान नुकतेच झाले होते. खिशातून ऑक्सिमीटर काढून ते म्हणाले, "डॉक्टर, या गाठीत ऑक्सिजन कमी असतो आणि त्यामुळेच ती बळावते, असे वाचले. बाबांचा ऑक्सिजन तर सत्त्याण्णव दिसतो. तरीही घरी यंत्र भाड्याने आणून ठेवू का?"

त्यांनी वाचले ते खरे होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर नव्हता. हा फरक अनेक कुटुंबांच्या उपयोगी पडेल, म्हणून आजचा लेख.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्याजवळ दडलेली ग्रंथी. अन्न पचविणारे पाचकरस आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन ती तयार करते. येथे कर्करोग झाला की गाठीभोवती आणि गाठीतही चिवट तंतूंचे दाट जाळे विणले जाते. कित्येकदा गाठीत कर्कपेशींपेक्षा हे तंतूच अधिक असतात. त्यांच्या दाबाने बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि आतील पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. इमारतीवरची टाकी काठोकाठ भरलेली असावी, पण एखाद्या घराकडे जाणारी नळीच दबलेली असावी, तसा हा प्रकार. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर टाकीची पातळी सांगतो. नळी दबली आहे, हे त्याला कळत नाही. टाकीत आणखी पाणी ओतल्यानेही त्या घराची तहान भागत नाही.

प्राणवायूवाचून पेशी मरावयास हव्यात, असे आपल्याला वाटेल. काही मरतातही. ज्या तगतात, त्या अधिक निबर होतात. प्राणवायू पुरेसा असताना पेशी 'एचआयएफ' नावाचे प्रथिन तयार करून काही मिनिटांतच मोडून टाकते. प्राणवायू घटला की ते मोडले जात नाही. ते साठते आणि टंचाईत तग धरण्यासाठी लागणारी अनेक जनुके जागी करते. हे गूढ उकलल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच साखळीत मायक्रोआरएनए येतात. हे सुमारे 22 अक्षरांचे इवलेसे रेणू. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. इतर जनुकांनी धाडलेले निरोप अडविणे हे त्यांचे काम. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांनी एका सूक्ष्म कृमीत त्यांचा शोध लावला. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामाचा गौरव 2024 च्या नोबेलने झाला. प्राणवायू घटला की एचआयएफ 'मायक्रोआरएनए 210' वाढविते. तो पेशीतील ऊर्जाकेंद्रांचा प्राणवायूचा वापर कमी करतो, म्हणजे पेशीला काटकसर शिकवितो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात 'मायक्रोआरएनए 21' देखील वाढलेला आढळतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या काही प्रथिनांचे निरोप तो दाबून टाकतो. अशा पेशी चिवट होतात आणि अन्यत्र पसरण्यास सिद्ध होतात. शिवाय दबलेल्या रक्तवाहिन्यांतून औषधही पुरेसे पोहोचत नाही, आणि प्राणवायूच्या अभावी किरणोपचाराचा घावही बोथट होतो.

मग या ज्ञानाचा उपचारात उपयोग काय? प्रयत्न झाले आहेत. प्राणवायूच्या टंचाईतच कार्यान्वित होणारे एव्होफॉस्फामाइड हे औषध तयार झाले. परंतु शेवटच्या टप्प्यातील मोठ्या चाचणीत त्याने रुग्णांचे आयुष्य निश्चितपणे वाढविल्याचे सिद्ध झाले नाही. मायक्रोआरएनएच्या रक्तचाचण्याही अद्याप संशोधनाच्या पायरीवर आहेत. त्यांच्या भरवशावर कर्करोग आहे किंवा नाही, असे कोणी सांगत असेल तर पैसे भरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. निदान आजही सीटी स्कॅन आणि आवश्यकतेनुसार तुकडा तपासणी यांवरच होते.

म्हणून आपल्या हाती उरते ते वेळेचे भान. निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया शक्य असणारे रुग्ण साधारणतः शंभरात पंधरा ते वीसच असतात. पुढील लक्षणे अंगावर काढू नका:

1. न दुखता झालेली कावीळ, गडद लघवी, पांढरट शौच, अंगाला खाज. काविळीचे झाडपाल्याचे औषध घेत आठवडे दवडू नका. सोनोग्राफी त्याच आठवड्यात करून घ्या.
2. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारे, पुढे वाकल्यावर कमी होणारे दुखणे.
3. पन्नाशीनंतर नव्याने लागलेला मधुमेह आणि सोबत कारणाविना घटणारे वजन. नव्या मधुमेहींपैकी शंभरात एकालाही हा कर्करोग निघत नाही, तेव्हा घाबरू नका. मात्र वजन घटत असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगा.
4. तेलकट, तरंगणारे, दुर्गंधीयुक्त शौच.

तंबाखूचे व्यसन असल्यास ते कोणत्याही वयात सोडणे हिताचेच.

घरी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी थोडे अधिक. पाचकरसाच्या कॅप्सूल दिल्या असतील तर त्या रिकाम्या पोटी देऊ नयेत; जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर द्याव्यात. थोडे थोडे, पण अनेकदा खाऊ घालावे. वेदनेच्या गोळ्या दुखण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी द्याव्यात. थंडी वाजून ताप, एकाच पायाला सूज किंवा अचानक लागलेली धाप, यांपैकी काहीही झाल्यास रात्र उलटू न देता रुग्णालय गाठावे. आणि डॉक्टरांनी श्वासाच्या त्रासासाठी ऑक्सिजन लावला असेल, तर तो या लेखामुळे काढू नये. तेथे त्याचे काम वेगळे आहे.

त्या चिरंजीवांनी यंत्र आणले नाही. बोलता बोलता कळले, की वडील कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी घेत होते आणि गोळ्यांची सवय लागेल या भीतीने रात्रभर दुखणे सोसत होते. आम्ही दोघांनी कागदावर वेळापत्रक लिहिले. परवा त्यांचा फोन आला. आजार तोच आहे. पण बाबा आता रात्री झोपतात.