प्रवेश मिळाला, पुढे काय?

मागच्या वर्षी आमच्या उर्दू शाळेत शिकलेल्या एका मुलीला जीएनएम नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. चार महिन्यांनी ती बॅग घेऊन घरी परतली. लोक म्हणाले, "झेपलं नाही." अम्मी म्हणाली, "नसीब." आम्ही मात्र गप्प राहिलो. "बारावी आर्ट्स चालते, जा बिनधास्त," असे तिला आम्हीच सांगितले होते.

ते खोटे नव्हते. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. दोन्हीकडे आर्ट्सची मुलगी चालते. जीएनएमला बारावीत एकूण 40 टक्के गुण हवेत आणि इंग्रजीतही स्वतंत्रपणे तेवढेच. पण नियमात बसणे वेगळे, वर्गात टिकणे वेगळे. पहिल्याच वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि सगळी पुस्तके इंग्रजीत. मुलगी म्हणाली, "टीचर, हाड कुठलं ते कळायचं, त्याचं नाव लिहिता यायचं नाही."

गणिताचेही तेच. डॉक्टरांनी 500 मिलिग्रॅम औषध लिहिले आणि बाटलीवर 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम असे छापले असेल, तर द्यायचे किती? 10 मिलिलिटर. साधे त्रैराशिक! पण वॉर्डात सिस्टर समोर उभी असताना तिला ते सुचेना. सातवी-आठवीत हे गणित आम्ही मार्कांपुरते शिकवले, त्याची किंमत तिने मोजली.

आता घरच्यांबद्दल थोडे. मामेबहिणीच्या शादीसाठी तिला आठ दिवस घरी बोलावले गेले. नर्सिंगमध्ये परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते आणि बुडालेली वॉर्डाची ड्युटी डिप्लोमा हाती येण्यापूर्वी भरून द्यावीच लागते. ती परतली तेव्हा वर्ग पुढे गेला होता. त्यात नाइट ड्युटीचा विषय निघाला आणि अब्बांचा चेहरा उतरला. मदिनेत तंबू उभारून जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, मग आपल्या लेकीची पाळी आली की का डगमगतो? काळजी रास्त आहे. पण हॉस्टेल कसे आहे, रात्री ने-आण कोण करते, पोशाखाचे नियम काय, हे प्रवेशाआधी प्राचार्यांना विचारायचे असते. निम्म्या वाटेवर नव्हे.

म्हणून या वर्षी आम्ही वेगळे करतो आहोत. बारावीची परीक्षा संपली की नर्सिंगला जाणाऱ्या मुलींना रोज एक तास इंग्रजीतून शरीरशास्त्र वाचायला लावतो आणि वहीत प्रत्येक शब्दापुढे उर्दू-मराठी अर्थ लिहून घेतो. औषधांची गणिते सोडवून घेतो. शिकणाऱ्या एखाद्या मोठ्या मुलीशी भेट घालून देतो. जखम, रक्त, बेडपॅन यांबद्दल तिने खरे सांगावे. पालकांनाही सांगतो: कॉलेजला भारतीय नर्सिंग परिषदेची आणि राज्याची मान्यता आहे का ते आधी तपासा, तिन्ही वर्षांच्या फीचा हिशेब मांडा, आणि पहिले सहा महिने मुलीला कोणत्याही दावतीला बोलावू नका.

परतलेली ती मुलगीही या वर्गात येते. सर्वांत पुढच्या बाकावर बसते आणि नव्या मुलींना हाडांची नावे पाठ करून घेते. जूनमध्ये ती पुन्हा फॉर्म भरणार आहे. या वेळी पेढे आम्ही पहिल्या वर्षाच्या निकालानंतर वाटू, इन्शाअल्लाह.