ऐकू येतंय का? ओव्हर!

डोंगरात शिरल्यावर आपल्या मोबाइलचं काय होतं? कॅमेरा होतो! तीस-चाळीस हजारांचा झकास, वॉटरप्रूफ कॅमेरा. रेंजचे दांडे एकेक करत गळतात आणि सोमवार ते शुक्रवार ज्या रिंगटोनने जीव नकोसा केलेला असतो ती एकदाची गप्प होते. पहिला तासभर तर काय मस्त वाटतं! दुसऱ्या तासाला कोणीतरी मागे वळून विचारतं, ‘‘अरे, मागचे कुठे राहिले?’’ आणि मग दहा मिनिटं सगळे नुसते पायवाटेच्या वळणाकडे बघत बसतात.

ऑफिसच्या ग्रुपचा ट्रेक म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. चौदा जण. त्यातले चार रोज जिमला जाणारे, ते सुसाट पुढे. मध्ये फोटोवाले. आणि सगळ्यात मागे नवे कोरे शूज घालून आलेली एचआरमधली एक मुलगी आणि तिला कंपनी द्यायला थांबलेला एक सज्जन. अर्ध्या तासात हा ग्रुप एक किलोमीटर लांबीचा होतो. सह्याद्रीत मुख्य वाटेला ढोरवाटा फुटतात. गुरांच्या पायांनी पडलेल्या या वाटा अगदी खऱ्या वाटेसारख्याच दिसतात आणि रानात कुठेतरी विरून जातात. मागच्या दोघांनी अशी एक वाट धरली, तर पुढच्या बारा जणांना ते कळणार कधी? जेवायला डबे उघडल्यावर!

म्हणून या आठवड्यात बोलू या वॉकीटॉकीबद्दल. लहानपणी वाढदिवसाला मिळायचा तो नव्हे. खराखुरा, दोन्हीकडून बोलता येणारा हॅण्डहेल्ड रेडिओ. याला टॉवर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, रिचार्ज तर नाहीच नाही. एका सेटमधून लहरी निघतात, दुसऱ्या सेटला पोचतात, मध्ये कोणी नाही. आणि हो, प्लेस्टोअरवरचं वॉकीटॉकीचं अॅप हे याला उत्तर नाही. त्यातल्या बहुतेकांना इंटरनेट लागतं. म्हणजे रेंज गेली की तेही गेलं.

आधी कायदा, मग क्रेडिट कार्ड

बॉस, इथे जरा नीट ऐका. वॉकीटॉकी म्हणजे खेळणं नाही, ते रेडिओ ट्रान्समीटर आहे. आपल्याकडे कुठल्याही फ्रीक्वेन्सीवर वाट्टेल तसं बोलता येत नाही. आपल्यासारख्यांसाठी मोकळी असलेली पट्टी म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. कमी ताकदीच्या, कमी पल्ल्याच्या उपकरणांना २०१८ च्या नियमांनी या पट्टीत लायसन्समधून सूट दिली आहे. युरोपात याच पट्टीच्या सेटना ‘पीएमआर ४४६’ म्हणतात. ताकद अर्धा वॅट, चॅनेल १६.

सूट वापरणाऱ्याला आहे. सेट मात्र मान्यताप्राप्तच हवा. केंद्राच्या दूरसंचार खात्यात डब्ल्यूपीसी नावाचा विभाग आहे. त्याचं ‘ईटीए’, म्हणजे इक्विपमेंट टाइप अॅप्रूव्हल, त्या मॉडेलला मिळालेलं असलं पाहिजे. ऑनलाइन विकले जाणारे कितीतरी सेट यात बसत नव्हते, म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शॉपिंग साइट्ससाठी खास मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेव्हा खरेदीच्या पानावर फ्रीक्वेन्सी आणि ईटीए या दोन गोष्टी शोधा. दिसत नाहीत? विक्रेत्याला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं? पुढचं दुकान!

आता नेहमीचे तीन जुगाड आणि ते का चालत नाहीत, ते सांगतो.

पहिला, अमेरिकेतल्या ताईने सुट्टीला येताना आणलेली जोडी. तिथे ते सेट सर्रास मिळतात, स्वस्तही असतात. पण ते चालतात ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास. तिथे मोकळी असलेली ही पट्टी इथे मोकळी नाही. ताईला थँक्यू म्हणा, चॉकलेटं ठेवून घ्या.

दुसरा, पाच वॅटचा चिनी सेट, जो जाहिरातीत ‘प्रोफेशनल’ म्हणून मिरवतो. हे सेट कुठल्याही फ्रीक्वेन्सीवर लावता येतात आणि नेमकी तीच अडचण आहे. तसले सेट हॅम रेडिओवाल्यांच्या हातात शोभतात. हॅम व्हायचं असेल तर जरूर व्हा, छंद फार भारी आहे. बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षा देऊन लायसन्स काढता येतं. पण मग बोलणाऱ्या दोन्ही टोकांना लायसन्सवाले हवेत, आणि एचआरमधली ती मुलगी शनिवारपर्यंत परीक्षा देणार नाहीये.

तिसरा, ऑफिसच्या सिक्युरिटी सुपरवायझरला मस्का मारून त्याचे सेट दोन दिवस नेणं. ते सेट कंपनीला मिळालेल्या लायसन्सवर चालतात आणि ती फ्रीक्वेन्सी काही राजमाचीच्या ट्रेकसाठी दिलेली नाही.

सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी इवली यंत्रं हा तर आणखी वेगळा मामला. परवानगीशिवाय ती आपल्याकडे चालत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला असल्याच यंत्रापायी अडवलं होतं. परदेशातल्या यूट्यूबरने रेकमेंड केलं म्हणून मागवू नका.

खोक्यावरचे किलोमीटर

खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘रेंज १० किलोमीटरपर्यंत’. सगळी गंमत त्या ‘पर्यंत’मध्ये आहे! ती रेंज असते एका टेकडीच्या माथ्यावरून दुसऱ्या टेकडीच्या माथ्यावर, मध्ये काही नसताना. या फ्रीक्वेन्सीच्या लहरी जवळपास नजरेसारख्या सरळ जातात. जिथून समोरचा माणूस दिसू शकेल, तिथून आवाज पोचतो. मध्ये डोंगराची सोंड आली की संपलं. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा. त्याच्या आरपार अर्धा वॅट जात नाही आणि पाच वॅटही जात नाही.

ताकदीचं गणितही मजेशीर आहे. मोकळ्या जागेत पल्ला दुप्पट करायचा तर ताकद चौपट लागते. म्हणजे दहापट ताकदीचा सेट घेतला तरी कागदावर पल्ला वाढतो फक्त तिपटीच्या थोडा वर. त्याउलट तुम्ही दहा पावलं चढून सोंडेवर आलात, तर फुकटात काम होतं. सपाट मैदानावर उभ्या दोन माणसांसाठी नुसत्या पृथ्वीच्या गोलाईनेच नऊ किलोमीटरच्या आत मर्यादा येते. झाडं, वळणं, दऱ्या वगैरे धरलं तर जंगलात एक किलोमीटर मिळाला तरी खुशाल पार्टी करा. आणि आपल्याला हवाय तेवढाच. ग्रुपची लांबीच तेवढी असते!

खरी परीक्षा सांदण दरीत

गेल्या हिवाळ्यात आम्ही तेरा जण भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावातून सांदण दरीत उतरलो. दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ, मधून चिंचोळी वाट, पायाखाली मोठाले धोंडे. मोबाइलचा प्रश्नच नाही. आमच्याकडे तीन सेट होते. एक पुढे दोरवाल्या मुलाकडे, एक मध्ये माझ्याकडे, एक सगळ्यात मागे. दोन वळणांमागे आमच्यातल्या एकाचा पाय धोंड्यांच्या फटीत मुरगळला. घोटा टम्म सुजला, पाय टेकवेना. मागच्याने सेटवर पुढच्याला हाक मारली, पण पुढे काहीच पोचलं नाही. दोन वळणं म्हणजे दोन भिंती! मला मात्र ऐकू आलं, कारण माझ्या आणि त्याच्यामध्ये एकच वळण होतं. मी पुढे दहा-पंधरा धोंडे ओलांडून गेलो आणि तोच निरोप परत बोललो, ‘‘कोणी खाली उतरू नका. परत फिरायचंय. ऐकू आलं का? ओव्हर.’’ तेव्हा पुढचे दोघे रॅपलिंगच्या टप्प्यावर हार्नेस चढवून बसले होते. एकदा त्या टप्प्याखाली उतरलं की परत वर येणं किती कठीण, ते सांदणला गेलेल्यांना विचारा. ग्रुपचे दोन तुकडे झाले असते, एक दरीच्या तळाशी आणि एक जखमी माणसाबरोबर वर. तसं झालं नाही. अंधार पडायच्या आत तेराच्या तेरा जण साम्रदला परत पोचलो आणि घोट्यावर बर्फ नाही तरी विहिरीचं गार पाणी मिळालं.

या दिवसाने माझ्यापुरता एक हिशेब पक्का केला. दोन सेटने काम भागतं, पण तीन सेटची साखळी होते. दरीतला निरोप मधल्याकडे, मधल्याकडून सोंडेवरच्याकडे. आणि सोंडेवर बऱ्याचदा मोबाइलची एखादी दांडी सापडते! तिथून ११२ लागतो, गावातल्या ओळखीच्या माणसाला कळवता येतं, गरज पडली तर महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरपर्यंत पोचता येतं. आपला छोटा सेट थेट रेस्क्यू टीमशी बोलत नाही. तो फक्त दरीतली हाक डोंगरमाथ्यावर नेऊन पोचवतो. तेवढंही पुष्कळ आहे.

दुकानात काय बघायचं?

बॅटरी. दोन तऱ्हा असतात. आत लिथियमची चार्जिंगवाली, किंवा पेन्सिल सेलवर चालणारी. एका रात्रीच्या ट्रेकला यूएसबीवर चार्ज होणारा सेट मस्त, पॉवर बँक तर सॅकमध्ये असतेच. तीन-चार दिवसांच्या भटकंतीला मी पेन्सिल सेलला मत देतो. ते पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. दोन्ही चालणारा सेट मिळाला तर डोळे झाकून घ्या. हिमालयात जाणार असाल तर थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. सेट जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवायचा.

पाणी. जून ते सप्टेंबर फिरणारी जमात आपली. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सहन करणार. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी जगणार. पावसाळी ट्रेक करणाऱ्यांनी दुसरा घ्यावा. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्यात.

बटणं. बोलायचं बटण मोठं हवं, ओल्या बोटांनी किंवा हातमोजे घालून दाबता येईल असं. कीपॅड लॉक हवाच, नाही तर सॅकच्या पट्ट्याला घासून चॅनेल बदलतो आणि पुढचा तास तुम्ही झाडांशी बोलत राहता.

‘प्रायव्हसी कोड’. खोक्यावर ३८ कोड, १२१ कोड असे आकडे असतात. नावावर जाऊ नका. त्याने तुमचं बोलणं गुप्त होत नाही. दुसऱ्या ग्रुपची बडबड तुमच्या सेटवर ऐकू येऊ नये, एवढंच ते काम करतात. तुमचं मात्र त्याच चॅनेलवर कोणालाही ऐकू जातं. तेव्हा बॉसबद्दलचं मत शेकोटीपुरतं राखून ठेवा. आणि सगळ्या सेटवर चॅनेल आणि कोड दोन्ही सारखेच आहेत ना, ते बसमध्येच तपासा.

‘व्हॉक्स’, म्हणजे बटण न दाबता आवाजाने चालू होणारा सेट. ऐकायला भारी, पण कड्यावरचा वाराही त्याला तुमचा आवाज वाटतो. बंद ठेवलेला बरा.

बोलायचं कसं?

इथे एका वेळी एकच जण बोलतो. तुम्ही बटण दाबून धरलंत की तुम्हाला समोरचा ऐकूच येत नाही. म्हणून बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. नाही तर पहिला शब्द कापला जातो आणि ‘उतरू नका’मधला नेमका कुठला शब्द पोचला यावर भांडणं होतात! आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग स्वतःचं, मग निरोप. शेवटी ‘ओव्हर’. सिनेमातल्यासारखं वाटतं, पण समोरच्याला आता आपली पाळी आहे हे त्यानेच कळतं. ऐकणाऱ्याने महत्त्वाचा निरोप परत बोलून दाखवायचा. अँटेना उभी, आकाशाकडे. सेट कमरेला लटकवून बोललात तर तुमचं स्वतःचं अंगच लहरी अडवतं. दर अर्ध्या तासाने ठरलेल्या मिनिटाला एकदा हाक द्यायची. हाकेला उत्तर नाही आलं तर पुढच्यांनी आहे तिथेच थांबायचं, हे निघण्याआधी सगळ्यांसमोर ठरवायचं.

आणि शिट्टी? ती गळ्यात राहू दे. तिला बॅटरी लागत नाही.

आता शेवटचा प्रश्न, जो दुकानात कोणी विचारत नाही: सेट कोणाच्या हातात द्यायचा? आपल्याकडे नवा गॅजेट आपोआप ग्रुपमधल्या सगळ्यात हौशी माणसाकडे जातो, आणि तो नेमका सगळ्यांच्या पुढे पळत असतो. पहिला सेट द्या सगळ्यात मागे चालणाऱ्याला. ज्याचं पाणी संपतं, ज्याचा पाय दुखतो, ज्याची वाट चुकते, तो माणूस मागेच असतो. त्याला ‘थांबा’ म्हणता आलं पाहिजे, आणि ते पुढच्यांना ऐकू आलं पाहिजे. बाकी सेटचा रंग काळा की नारिंगी, ते तुम्ही भांडून ठरवा. (नारिंगी घ्या. गवतात पडला तर सापडतो!)

पुढच्या आठवड्यात: हेडटॉर्चचे ल्युमेन आणि त्यांच्या थापा. ओव्हर अँड आउट!