दोन उण्यांची बेरीज

बँकेत आयुष्यभर बेरजा-वजाबाक्या केल्या. पण एक हिशेब मला आत्याने शिकवला. उतारवयात तिची नजर गेली, मागोमाग कानही गेले. कानाचे डॉक्टर म्हणाले, ‘‘समोरच्याच्या ओठांकडे बघत जा.’’ डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ‘‘आवाजाचा कानोसा घेत चाला.’’ दोघांचे आपापल्या परीने बरोबरच. पण बहिऱ्याला आधार डोळ्यांचा आणि आंधळ्याला कानांचा. दोन्ही गेल्यावर माणसाने कशाच्या आधारावर जगायचे?

इंग्लंडमध्ये ही अडचण कायद्याने ओळखली आहे. २०१४ च्या केअर अ‍ॅक्टखालील नियमांप्रमाणे अंध-बधिर प्रौढाच्या गरजांची पाहणी त्या विषयाचे खास प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनेच करायची असते. हा माणूस बोलतो कसा, त्याला सोबत किती मिळते, घराबाहेर तो पडतो कसा, हे तिथे पाहिले जाते.

आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंध-बधिरत्वाचा नावानिशी उल्लेख आहे. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी मूल्यांकन मंडळाची तरतूदही आहे. पण आपला जीव अडकतो तो टक्केवारीच्या दाखल्यात. आत्याला चहा हवा की पाणी, हे कसे विचारायचे ते दाखला थोडाच सांगतो?

ते माझ्या नातीने शोधून काढले. आत्याच्या तळहातावर ती बोटाने एकेक अक्षर गिरवते. आत्या मान डोलावते, कधी चक्क रागावतेही! तपासणीला येणाऱ्याला आधी एवढे तरी यायला हवे. गरज काय, हे शेवटी आत्यालाच विचारायचे आहे ना?