हालअपेष्टा भांडवल होत नाहीत

उद्योजकांच्या चरित्रांत, आणि त्याहून अधिक सत्कारसमारंभांतील भाषणांत, एक सिद्धांत इतक्या वेळा मांडला जातो की त्याला पुरावा लागतो हेच वक्ते विसरून गेले आहेत. दारिद्र्य, वैधव्य, दुष्काळ अशा आपत्तींतून माणूस तावून सुलाखून निघतो, त्यातूनच त्याच्या ठायी उद्योजकता उपजते आणि पुढे धंद्याला बरकत आली की तो इतरांना हात देतो, असा हा पूर्वपक्ष आहे. त्यात दोन वेगवेगळी विधाने आहेत. हालअपेष्टा हे उद्योगाचे कारण आहे, हे पहिले. आणि आधी उत्कर्ष, मग परोपकार, असा क्रम सांगणारे दुसरे. मुंबईच्या गिरणगावातील खाणावळवाल्यांचा इतिहास पाहिला, तर दोन्ही विधाने टिकत नाहीत.

परळ-लालबागच्या गिरण्यांत काम करणारे असंख्य कामगार बायकामुले कोकणात किंवा घाटावर गावी ठेवून चाळीतील एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि महिन्याच्या हिशेबाने एखाद्या बाईकडे जेवत. ही खाणावळवाली पाळ्यांच्या वेळा सांभाळत पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे असे. तिच्या धंद्याची खरी अडचण मात्र श्रमांची नव्हती, हिशेबाच्या तारखांची होती. कारण धान्य, तेल, रॉकेल रोज लागे आणि जेवणाचे पैसे गिरणीच्या पगारानंतर हाती येत. मधल्या दिवसांसाठी लागणाऱ्या रकमेला अर्थशास्त्रात खेळते भांडवल म्हणतात. ते नसल्यामुळे तिला वाण्याची उधारी घ्यावी लागे, चढा भाव मुकाट्याने सोसावा लागे, प्रसंगी दागिना सावकाराकडे गहाण टाकावा लागे आणि तिच्या कष्टांतून निघालेला नफा परस्पर त्यांच्या गल्ल्यात जाई. कष्टांतूनच उद्योजक घडत असते, तर गिरणगावात पिढ्यानुपिढ्या राबलेल्या या बायकांची हॉटेले मुंबईभर दिसली असती. ग्राहक जोडणे, भाव ठरवणे, रोजचा माल आणून वेळेवर पान वाढणे हे सारे त्या आधीपासून करत होत्या, म्हणजे उद्योजक त्या होत्याच. आपत्तींनी त्यांना घडवले नव्हते, उलट त्यांची वाढ खुंटवली होती.

बदल घडला तो 1975 मध्ये, प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले तेव्हा. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आणि कम्युनिस्ट चळवळीतून आलेल्या या कार्यकर्तीने खाणावळवाल्यांना धीराचे बोधामृत पाजले नाही, बँकेच्या दाराशी नेले. त्या दाराला फट पडण्याची कारणे सर्वस्वी सार्वजनिक होती. 1969 मध्ये 14 मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि 1972 मध्ये दुर्बल घटकांना 4 टक्के व्याजाने कर्ज देणारी योजना सुरू झाली होती. तारण, म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवायची मालमत्ता, या बायकांपाशी नव्हती. म्हणून त्या गट करून एकमेकींना जामीन राहिल्या. सावकाराच्या वहीतून बँकेच्या खात्यात झालेले हे स्थलांतर कोणाच्याही मनोबलापेक्षा अधिक निर्णायक ठरले.

स्वस्त कर्ज अनेकांनी बुडवले आहे, मग फरक चारित्र्याचाच म्हणायचा, असा आक्षेप येथे घेतला जाईल. कर्ज एकटे पुरत नाही, इतका भाग त्यात खरा आहे. पण जामीन राहण्याची पद्धत हीच येथे निर्णायक आहे, कारण तिच्यामुळे शेजारणीचा धंदा बुडणे ही स्वतःची हानी ठरते आणि परस्परसाहाय्य धंद्याच्या रचनेतच गोवले जाते.

ही रचना लिज्जत पापडाच्या उद्योगात अधिक ठळकपणे दिसते. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातील 7 गुजराती स्त्रियांनी छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसन्या घेतलेल्या 80 रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्यांपैकी एक. त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. येथे काम करणारी प्रत्येक बहीण सहमालक मानली जाते, नफा आणि तोटा दोन्हींत तिचा वाटा असतो आणि लाटण्याचा मोबदला तिला वेगळा मिळतो. म्हणजे नवीन आलेल्या स्त्रीला संस्थेच्या नफ्यातून मदत मिळण्याची वाट पाहावी लागत नाही; पीठ हाती घेताच ती मालकीत शिरते. उत्कर्षानंतर परोपकार हा क्रम येथे लागूच पडत नाही, कारण धंदा वाढवायचा तर हात वाढवावे लागतात आणि हात वाढवणे हेच साहाय्य. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम थांबले आणि दुसऱ्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची युक्ती निघाली, हा प्रसंग जिद्दीची कथा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः खाट आणि शेगडी विकत घ्यावी लागते. तो खर्च एकटीवर पडला नाही, हे कथेत गळते.

म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची हकीकत तर पूर्वपक्षाच्या आवडीची आहे. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला; मग बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत त्या स्त्रिया अक्षरे शिकून पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याचे आव्हान त्यांनी अधिकाऱ्यांना दिले आणि 1997 मध्ये परवाना मिळवला. येथे जिद्द होती, हे कोण नाकारील? परंतु ती जिद्द मागत काय होती? कौतुक किंवा देणगी नव्हे, बँक चालवण्याचा कायदेशीर अधिकार. पतसाधनाविना जिद्द व्यर्थ जाते, हे दुष्काळी माणदेशातल्या त्या स्त्रियांना त्यांच्या चरित्रकारांपेक्षा अधिक कळत होते.

या मंडनाला मर्यादाही आहेत. घरी बसून पापड लाटण्याचे काम स्त्रीला पुन्हा चौकटीतच ठेवते, ही टीका निराधार नाही आणि सहमालकीच्या नावाने मोबदल्याचा प्रश्न संपत नाही.

दुसऱ्या विधानाविषयी मात्र गिरणगावानेच निकाल दिलेला आहे. अन्नपूर्णा मंडळ निघण्यापूर्वीच्या गिरणी संपात पगार थांबले, तेव्हाही खाणावळवाल्यांनी कामगारांची पाने वाढणे थांबवले नाही. त्यासाठी त्या स्वतः कर्जात गेल्या. परोपकार त्यांनी उत्कर्षापूर्वी केला होता आणि त्याचे व्याजही भरले होते. त्यांच्याकडे नसलेली गोष्ट एवढीच होती की त्या व्याजाचा दर ठरवणारा सावकार बदलता यावा. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाने पुढे जेवणारेच गिरणगावातून हळूहळू नाहीसे केले. त्या वेळी ज्या बाईमागे मंडळ होते तिला धंद्याची दुसरी वाट शोधताना सोबत होती आणि जी एकटी होती तिच्यापाशी कष्टांचा अनुभव तेवढा उरला.