शब्द नको, माप लिहून द्या

राजगुरुनगरहून चाकण दहा-बारा किलोमीटर. तिथे बजाज, महिंद्रा, फोक्सवागन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने उभे आहेत. अशा कारखान्यात कोणता बोल्ट किती जोराने आवळला याचीही नोंद ठेवली जाते. याच पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला एखादा टेम्पोवाला बांधलेलं इंजिन विकत घेतो, तेव्हा मात्र त्याच्या हातात बहुतेक वेळा एकच गोष्ट पडते, ती म्हणजे तोंडी आश्वासन. "काळजी करू नका, एकदम कंपनीसारखं केलंय."

मला या वाक्याबद्दल बोलायचं आहे. मिस्त्रीच्या हाताबद्दल मला शंका नाही. आमच्यातली कितीतरी मुलं शाळा सुटली की उस्तादाच्या हाताखाली गेली, पाने-पकडी उचलत वाढली आणि नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय हे सांगू लागली. हे ज्ञान खरं आहे. पण कान कितीही तयार असला, तरी सिलिंडर गोल राहिला आहे की अंडाकृती झाला आहे हे कान सांगत नाही. त्यासाठी बोअर गेज लावावा लागतो आणि आलेला आकडा लिहून ठेवावा लागतो.

आधी शब्दांचा गोंधळ सोडवू. बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. पहिली म्हणजे भंगारात किंवा अपघातात गेलेल्या गाडीचं जुनं इंजिन. ते काढलं, डिझेलने धुतलं, वरून चंदेरी रंग मारला. आत कोणी पाहिलेलं नाही. दुसरी म्हणजे रिकंडिशन केलेलं इंजिन. ते खोललं, जे खराब दिसलं ते बदललं, बाकीचं तसंच ठेवलं. तिसरी म्हणजे खऱ्या अर्थाने नव्याने बांधलेलं इंजिन. त्यात प्रत्येक भाग सुटा करून मापला जातो, बोअर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन किंवा नवे लायनर टाकले जातात, क्रँक ग्राइंड करून त्याच मापाची बेअरिंगं बसवली जातात, हेड सपाट आहे का, तडा गेला आहे का हे तपासलं जातं. तिघांच्या कामात आणि आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून किमतीआधी विचारायचा प्रश्न एकच: यातलं नक्की कोणतं?

दुसरा प्रश्न, सोबत काय येणार? "हाफ इंजिन" म्हटलं तर साधारणपणे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन, "फुल" म्हटलं तर हेडसकट. पण ऑइल पंप नवा आहे का, टर्बो कोणाचा, इंजेक्टर तपासले का, हे गृहीत धरू नका. अलीकडच्या डिझेल गाड्यांत इंजेक्टर बदलला की त्याचा कोड गाडीच्या संगणकात भरावा लागतो. ते काम कोण करणार, हेही आधीच ठरवून घ्या.

तिसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे: पहिलं इंजिन गेलं कशाने? माझ्या ओळखीचा एक जण नारायणगावहून टोमॅटो भरून मुंबईला नेतो. त्याच्या गाडीत बांधलेलं इंजिन बसवलं आणि तीन महिन्यांत तेही गरम होऊन बसलं. रेडिएटर मात्र जुनाच होता, आतून निम्मा चोंदलेला. इंजिन बदललं, पण त्याला मारणारं कारण गाडीतच राहिलं. बेअरिंग तुटून इंजिन गेलं असेल तर धातूचा चुरा ऑइल कूलरमध्ये अडकून बसतो. टर्बो फुटला असेल तर इंटरकूलरमध्ये ऑइल आणि तुकडे साचतात. हे साफ केलं नाही किंवा बदललं नाही, तर नवं काम जुन्याच वाटेने जातं. त्या तीन महिन्यांत त्याचा हंगाम गेला आणि हप्ता मात्र थांबला नाही. इंजिन म्हणजे लोखंड असेल, पण त्याच्यासाठी ते घरातल्या पाच माणसांचं जेवण होतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. इंजिन बांधणाऱ्याने एक कागद द्यावा. त्यावर प्रत्येक सिलिंडरचं माप, पिस्टन कोणत्या साइझचा (०.२५ की ०.५० मिमी वाढीव), क्रँक किती उतरवला, कोणते भाग नवे आणि कोणत्या कंपनीचे, हेडचे बोल्ट नवे की जुने, आणि शेवटी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन. सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर पैसे देण्याआधी कारण विचारा. वॉरंटी असेल तर ती भागांची आहे की मजुरीचीही, किती महिने, किती किलोमीटर, हेही त्याच कागदावर. परदेशात इंजिन बांधणारे ब्लॉकवर आणि हेडवर एक छोटी चकती चिकटवतात. इंजिन ठरावीक तापमानापुढे गेलं की ती वितळते. मग गिऱ्हाइकाने पाण्याविना गाडी पळवली का, यावर वाद उरत नाही. म्हणजे कागद आणि खूण मिस्त्रीलाही वाचवतात.

यावर गॅरेजवाल्यांचं उत्तर मला माहीत आहे. "गिऱ्हाईकच म्हणतं, बिल नको, जीएसटी वाचवा, स्वस्तात करा. मग कागद कुठून आणू?" हे खरं आहे. बिल न घेणारा गिऱ्हाईक आपला हक्क स्वतःच सोडून देतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी या दोन्हींसाठी जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. टेम्पोवाल्यांना वाटतं, आपली गाडी धंद्याची, आपल्याला हा कायदा नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू या कायद्यात बसते. अडचण पुराव्याची येते, आणि पुरावा म्हणजे बिल.

आणखी एक कागद आहे. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं की इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार हा बदल १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर चढवावा लागतो. आपल्या एमएच १४ च्या गाड्यांसाठी ते कार्यालय पिंपरी-चिंचवडचं. नोंद केली नाही तर फिटनेसला, गाडी विकताना किंवा विम्याच्या दाव्यात हा नंबर आडवा येतो. त्याहून वाईट म्हणजे ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर. म्हणून ते कोणत्या गाडीतून निघालं, त्या गाडीचे कागद कुठे आहेत, हे विचारायला लाजू नका. इंजिन नंबर घासलेला दिसला तर कितीही स्वस्त असो, पुढे चला. आपलाच ब्लॉक दुरुस्त होण्यासारखा असेल तर तोच बांधून घेणं मला पसंत आहे. नंबर तोच राहतो आणि त्या ब्लॉकचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो.

गाडी ताब्यात घेताना ती थंड असताना स्वतः सुरू करा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता आहे. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून आतून जोराने वाफारा येतो का पाहा. मग पहिले हजारेक किलोमीटर दमाने चालवा. पूर्ण माल भरून खेड घाटात ताणू नका, तासन् तास उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवू नका, आणि पहिलं ऑइल व फिल्टर ठरल्या वेळेआधीच बदला, कारण रिंगा बसताना निघणारा बारीक चुरा त्यातच असतो. एवढं गिऱ्हाइकाने केलं नाही तर दोष मिस्त्रीला देता येणार नाही.

मला गॅरेज बंद पडायला नकोत. जुनं इंजिन पुन्हा उभं करणं हे कष्टाचं आणि उपयोगाचं काम आहे, आणि ज्याला नवी गाडी परवडत नाही त्याचा संसार त्यावर चालतो. पण चाकणच्या कारखान्यात काम करणारी आपलीच मुलं दिवसभर माप घेतात आणि लिहितात. तीच शिस्त रस्त्यापलीकडच्या गॅरेजमध्ये यायला मोठी यंत्रं लागत नाहीत. एक बोअर गेज, एक टॉर्क रेंच आणि एक वही पुरेशी आहे. पुढच्या वेळी कोणी "कंपनीसारखं केलंय" म्हणालं, तर भांडू नका, फक्त ती वही दाखवायला सांगा.