आजोबांनी कुणाला पकडलं होतं?



पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

मध्यंतरी आम्ही घरी ‘इन्स्पेक्टर झेंडे’ पाहिला. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी मुलांना शेजारी बसवून पाहिला असेल. चिन्मय मांडलेकरचा, मनोज वाजपेयी झेंडे झालाय तो. सिनेमा संपला आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलाने विचारलं, "आई, आजोबापण पोलीस होते ना? त्यांनी कुणाला पकडलं होतं?"

मी म्हटलं, "पकडले असतील की चोरबीर."

"म्हणजे कुणी फेमस नाही?" चेहरा पडला त्याचा, आणि तो त्याच्या खोलीत गेला. मला मात्र रात्री झोप लागेना. कारण मला खरंच माहीत नव्हतं.

माझे वडील ३५ वर्षं सोलापूर जिल्ह्यात पोलिसात होते. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार म्हणून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. २०२३ मध्ये गेले. पेपरातला मजकूर मी इथूनच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवला: अल्पशा आजाराने दुःखद निधन, पश्चात पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडे असा परिवार, मनमिळाऊ व कुटुंबवत्सल. पाच मिनिटांत झाला. ज्या आकड्यामागे व्हाउचर नाही तो मी क्लायंटच्या ताळेबंदात जाऊ देत नाही. वडिलांच्या बाबतीत मात्र ‘कुटुंबवत्सल’ बिनदिक्कत लिहून मोकळी झाले. संक्रांतीला सिद्धेश्वरच्या गड्ड्यावर बंदोबस्त, आषाढीला पंढरपूर, गणपतीत तर घरी फक्त कपडे बदलायला. इतक्या आषाढ्या पंढरपुरात काढल्या, पण एकादशीला विठोबाचं दर्शन एकदाही नाही! हा माणूस कुटुंबवत्सल होता की नाही, हे मी कशावरून ठरवलं?

आता झेंडेसाहेबांचंच घ्या. मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराजला दोनदा पकडलं. पहिल्यांदा १९७१ मध्ये, मुंबईत. पुढे मार्च १९८६ मध्ये वाढदिवसाच्या निमित्ताने तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई चारून तो पळाला, आणि ६ एप्रिलला पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ हॉटेलात झेंड्यांनी त्याला गाठलं. पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला चेहरा बरोबर ओळखला. फार मोठं काम, वादच नाही. उलट ‘द सर्पंट’ २०२१ मध्ये आली आणि जगभरच्या पोरांना शोभराज माहीत झाला, झेंड्यांवरचा सिनेमा यायला २०२५ उजाडलं, याचंच वाईट वाटतं.

पण मंडळी, १९७१ आणि १९८६ च्या मध्ये १५ वर्षं आहेत. रोज कामावर जायचं, तक्रारी लिहून घ्यायच्या, रात्रीची गस्त, कोर्टाच्या तारखा, घरी आल्यावर थंड झालेलं जेवण. सिनेमाला ती वर्षं नको असतात, ते समजण्यासारखं आहे. मला स्वतःला त्यात सगळ्यात ओळखीची वाटली ती गिरिजा ओकने केलेली त्यांची बायको. कारण मधली वर्षं तिलाच माहीत असणार.

इथे ओटावात पार्लमेंट हिलवर, नदीच्या अंगाला, पोलिसांचं स्मारक आहे. १९७७ मध्ये डेव्हिड कर्कवुड हा इथला तरुण पोलीस ड्युटीवर मारला गेला, आणि पुढच्या वर्षापासून दर सप्टेंबरात तिथे मानवंदना होऊ लागली. १९९८ पासून सप्टेंबरचा शेवटचा रविवार देशभर त्यासाठी ठरलेला आहे. आपल्याकडे २१ ऑक्टोबर. १९५९ मध्ये लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला चिनी गोळीबारात दहा पोलीस गेले, त्यांच्या आठवणीचा दिवस. लहानपणी आम्ही लाईनीतली पोरं मुख्यालयाच्या मैदानाच्या कडेला उभी राहून ती परेड बघायचो.

दोन्हीकडे आठवण काढतात ती ड्युटीवर गेलेल्यांची. तुकाराम ओंबळेंचं नाव घेतलंच पाहिजे, जन्मभर घेतलं पाहिजे. पण जो ३५ वर्षं नोकरी करून, बीपी-शुगर घेऊन घरी येतो आणि एका मंगळवारी दवाखान्यात जातो, त्याचं नाव कुणी कोरत नाही. बीचवुडच्या दफनभूमीत आरसीएमपीचा वेगळा भाग आहे. तिथे निवृत्त लोकांना आणि त्यांच्या घरच्यांनाही जागा मिळते, हे कळलं तेव्हा मी थबकलेच. बायकोलाही! आमच्या आईने लाईनीतल्या दोन खोल्यांत जी ड्युटी केली ती कुणी मोजली होती?

तर माझं म्हणणं एवढंच आहे की, अशा माणसाची नोंद घरच्यांनीच ठेवायची असते, आणि आपण सातासमुद्रापार आलेले लोक ती ठेवत नाही. "मुलांना कुठे रस असतो" म्हणून आपण सुटतो. रस असतो हो. आपल्याकडेच सांगायला काही नसतं. आणि सांगायचं तर उगाच सिंघम करून सांगू नका. वडिलांचा राग मी पाहिलेला आहे. चौकीत त्यांचा हात कधी उठलाच नसेल अशी खात्री मी मुलाला देणार नाही. तो इथल्या बातम्या बघत मोठा होतोय, पोलिसांबद्दल त्याचे प्रश्न असणारच.

मी सुरुवात कागदापासून केली, कारण मला तेच येतं. वडिलांच्या दुय्यम सेवापुस्तकाचे फोटो बहिणीकडून मागवले. तुमच्या घरी असेल तर जरूर बघा, अर्धं आयुष्य त्यात असतं. अर्जित रजेचा हिशेब पाहिला. जानेवारीत १५ दिवस जमा, जुलैत १५ जमा, आणि खर्चाचा रकाना पानंच्या पानं कोरा. शिल्लक ३०० दिवसांच्या वर धरत नाहीत, पुढची बुडते. बुडालेल्या प्रत्येक आकड्यात आमची एकेक सुट्टी दिसत होती मला. आई म्हणायची, "मिळत नाही गं रजा." मी लहानपणी ते बहाणा समजायचे.

बक्षिसांच्या पानावर एक ओळ होती. १९९३, भूकंप मदतकार्य, प्रशस्तिपत्र.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबरच्या पहाटे झाला, विसर्जनाच्या रात्री, हे तुम्हाला आठवत असेल. वडील त्यानंतर अकरा दिवसांनी घरी आले होते. आईने गणवेश मोरीत न नेता बाहेरच्या नळावर धुतला. कुणी काही विचारलं नाही, ते काही बोलले नाहीत.

मग त्यांच्या जोडीदाराला फोन लावला. आम्ही त्यांना काकाच म्हणतो, पंच्याहत्तरी ओलांडलीय. काका म्हणाले, "विसर्जनाचा बंदोबस्त संपवून नुकते टेकलो होतो बघ. तसंच गाडीत घातलं. डोक्यात गुलाल होता आमच्या." सास्तूरला पोचले. हातांनी दगड उपसले. त्यात पाऊस. चौथ्या-पाचव्या दिवशी वडील एका मास्तरांबरोबर शाळेचा हजेरीपट घेऊन बसले आणि एकेका नावापुढे खूण करत गेले, कोण सापडलं, कोण नाही. "तुझ्या बापाचं अक्षर चांगलं, म्हणून त्याला बसवला," काका म्हणाले.

मला एक दुपार आठवली. त्याच दिवसांतली. वडील साध्या कपड्यांत माझ्या शाळेत आले, वर्गाच्या खिडकीशी थोडा वेळ उभे राहिले आणि काही न बोलता निघून गेले. मैत्रिणी हसल्या होत्या. मी घरी जाऊन आईपाशी कुरकुर केली होती, कशाला येतात म्हणून.

हे सगळं मुलाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या लिस्टमध्ये किती मुलं सापडली?" मला माहीत नव्हतं. आता पुढच्या वेळी तो स्वतः काकांना विचारणार आहे, मराठी जरा घोकतोय त्यासाठी.

तुम्हीही लावा फोन. वडील नसतील तर त्यांच्या जोडीदाराला, शेजारच्या काकूंना लावा. कुठल्या ठाण्यात होते, डबा कोण आणायचं, पहिला पगार किती, कशाला घाबरायचे, काहीही विचारा, आणि सरळ रेकॉर्ड करा. झेंडेसाहेबांवर सिनेमा आला तेव्हा ते स्वतः हयात होते, हे मला फार बरं वाटलं.

आमच्या काकांना इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं बहुतेक. त्यानंतर दोनच दिवसांनी रात्री साडेबाराला फोन वाजला. तिकडे सकाळचे दहा. मी घाबरून उठले, आईला काही झालं की काय.

"झोपली होतीस का गं? एक सांगायचं राहिलंच बघ त्या दिवशी..."