पडद्याच्या कडेला लपलेला खुनी

'कितने आदमी थे?' हा प्रसंग पाठ नसलेला माणूस सोलापुरात शोधूनही सापडायचा नाही. पण एक सांगा, या प्रसंगात आपल्या पोटात गोळा का येतो? संवादामुळे? थोडाफार. गब्बरच्या हसण्यामुळे? तेही आहेच. पण खरी गंमत वेगळी आहे. तिघं जण एका रांगेत उभे आहेत, गब्बर फेऱ्या मारतोय, आणि गोळी कोणाच्या वाट्याला येणार हे आपल्याला माहीत नाही. तिघांचेही चेहरे एकाच वेळी वाचता आले पाहिजेत. त्यासाठी पडदा रुंद हवा. तिघांपैकी एकाचा खांदा आणि दुसऱ्याचा अर्धा चेहरा कापला, तर संवाद तेच राहतील, पण भीती अर्धी होईल.

आणि टीव्हीवर वर्षानुवर्षं नेमकं हेच झालं. 'शोले'च काय, रुंद पडद्यासाठी बनलेले बहुतेक जुने सिनेमे आपण आणि आपल्या आईबाबांनी कडा कापलेल्या अवस्थेत बघितले. आज हा विषय काढायचं कारण म्हणजे गेल्या वर्षीच्या दोन बातम्या. दोन्ही गाजल्या, पण एकत्र ठेवून कोणी वाचल्या नाहीत.

दोन बातम्या, एक प्रश्न

पहिली बातमी ऑगस्ट २०२५ ची. 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती हक्कदार कंपनीनं एआय वापरून शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित केली. मूळ शेवटात नायक मरतो, नव्यात तो वाचतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. सोशल मीडियावर रान पेटलं.

दुसरी बातमी 'शोले'ची. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं जपून दुरुस्त केलेली 'शोले'ची प्रत जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली आणि १२ डिसेंबर २०२५ ला ती आपल्याकडच्या थिएटरांत आली. सगळी चर्चा झाली ती मूळ शेवटाची. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदललेला शेवट परत आला, ठाकूर गब्बरला संपवतो, वगैरे. पण या प्रतीत आणखी एक गोष्ट परत आली, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. ती म्हणजे चित्राची मूळ रुंदी, २.२ ला १. 'शोले' चित्रित झाला ३५ एमएमवर आणि थिएटरसाठी तो मोठा करून ७० एमएमवर छापला गेला. त्या ७० एमएमची एकही प्रत आज शिल्लक नाही. म्हणजे १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हात लोकांनी जे रुंद चित्र पाहिलं, ते आपल्या पिढीनं पाहिलेलंच नव्हतं.

आता दोन्ही बातम्या शेजारी ठेवा. सिनेमाचा शेवट बदलला तर आपण चिडतो. मग त्याच सिनेमाचं एक चतुर्थांश चित्र रोज कापलं जातं, तेव्हा कोणीच काही का बोलत नाही?

आधी थोडं गणित

घाबरू नका, नववीचंच आहे. चित्राच्या रुंदीला उंचीनं भागलं की येतो तो आस्पेक्ट रेशो. जुन्या डब्बा टीव्हीचा रेशो ४:३, म्हणजे १.३३. आजच्या सपाट टीव्हीचा १६:९, म्हणजे १.७८. आणि सिनेमास्कोपचा २.३५.

२.३५ रुंदीचा सिनेमा १.३३ च्या डब्ब्यात पूर्ण भरायचा असेल, तर चित्राचा फक्त ५७ टक्के भाग मावतो. ४३ टक्के बाहेर. आजच्या टीव्हीवर तोच सिनेमा पडदाभर पसरवला, तर साधारण २४ टक्के जातो. मोबाइल उभा धरून त्याच सिनेमाचं रील बघितलं, तर ७६ टक्के गायब! म्हणजे आपण रीलमध्ये जो 'सीन' बघतो, तो त्या सीनचा चौथा हिस्सा असतो.

हे कापायचं काम कसं चालायचं? त्याला पॅन अँड स्कॅन म्हणतात. एक तंत्रज्ञ बसतो आणि प्रत्येक शॉटमध्ये ठरवतो, आता डावीकडचा भाग दाखवू, आता उजवीकडचा. कधी चौकट हळूच सरकवतो, तर कधी एकाच शॉटचे दोन तुकडे करून आधी एक माणूस दाखवतो, मग दुसरा. म्हणजे दिग्दर्शकानं न केलेली कॅमेऱ्याची हालचाल आणि संकलकानं न केलेला कट सिनेमात घुसतो. लक्षात घ्या, 'शोले'ला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला होता आणि तो संकलनाचा होता, एम. एस. शिंदे यांना. ज्या कामासाठी या मराठी माणसाला दाद मिळाली, त्याच कामात टीव्हीच्या खोलीत बसलेला कोणीतरी निनावी माणूस कात्री घालतो.

सस्पेन्सलाच जास्त फटका का?

प्रेमकथेत कडा कापल्या तर झाडं जातील, डोंगर जातील. वाईट आहे, पण गोष्ट कळते. सस्पेन्सचं तसं नाही. हिचकॉकनं फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हे फार सोप्या भाषेत सांगितलंय. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर प्रेक्षक पूर्ण वेळ श्वास रोखून बसतो. सस्पेन्स म्हणजे पात्राला माहीत नसलेली गोष्ट आपल्याला दिसणं. आता टेबल आणि बॉम्ब एका चौकटीत आहेत आणि कात्री नेमकी बॉम्बवरून गेली, तर? उरतात त्या नुसत्या गप्पा.

रुंद पडदा वापरणाऱ्या चांगल्या दिग्दर्शकांनी ही ताकद ओळखली होती. अकिरा कुरोसावाचा 'हाय अँड लो' (१९६३) बघा. एका उद्योगपतीला फोन येतो, तुझ्या मुलाला पळवलंय म्हणून. प्रत्यक्षात पळवला गेलाय त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा. खंडणी द्यायची की नाही? सिनेमाचा जवळजवळ अर्धा भाग एका दिवाणखान्यात घडतो. एकाच रुंद चौकटीत फोनजवळ उद्योगपती, बाजूला बायको, जमिनीलगत दबकून बसलेले पोलीस आणि एका कडेला मान खाली घालून उभा असलेला ड्रायव्हर. बोलत काहीच नाही, पण सगळा ताण त्या कडेलाच आहे. टीव्हीसाठी चौकट कापणारा साहजिकच बोलणाऱ्या माणसाला मध्ये घेणार. ड्रायव्हर बाहेर. मग गोष्टीतला खरा प्रश्न, म्हणजे दुसऱ्याच्या लेकरासाठी आपण किती गमवायचं, हाही बाहेर. स्पाइक लीनं २०२५ मध्ये याच सिनेमावरून 'हायेस्ट टू लोएस्ट' केला. तो बघितला असेल तर मूळ सिनेमाही जरूर बघा, पण पूर्ण रुंदीतला.

टीव्हीशी भांडण जुनंच

गंमत अशी की रुंद पडदा जन्मालाच आला टीव्हीला हरवायला. अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला, थिएटरं ओस पडायला लागली, तेव्हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं १९५३ मध्ये 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आणला. घरच्या छोट्या डब्ब्यात जे मिळणार नाही ते इथे मिळेल, असा हिशेब. पण १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एनबीसीनं शनिवारी रात्री सिनेमे दाखवायला सुरुवात केली, ती फॉक्सच्याच सिनेमास्कोप चित्रपटापासून! ज्याला हरवायचं होतं, त्यालाच माल विकला. आणि विकताना कापून दिला.

आपल्याकडे १९५९ हे वर्ष लक्षात ठेवा. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, गुरुदत्तचा 'कागज के फूल', त्याच वर्षीचा. आणि १५ सप्टेंबर १९५९ लाच दिल्लीत टीव्हीचं प्रक्षेपण सुरू झालं. मराठीत सिनेमास्कोप यायला आणखी तीन दशकं लागली. महेश कोठारेंचा 'धडाकेबाज' (१९९०) हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप मानला जातो. तोच, कवट्या महाकाळवाला! मुखवट्यामागे कोण, या प्रश्नावर आख्खी पिढी अडकली होती. भागवत किंवा प्रभातसारख्या टॉकीजमध्ये रुंद पडद्यावर सिनेमे बघितलेली माणसं आपल्याच घरात आहेत. आपल्या पिढीनं मात्र कवट्या महाकाळ बघितला तो टीव्हीवर. एकदा घरी विचारून बघा, थिएटरात आणि टीव्हीवर काय फरक वाटला ते.

उलटाही प्रकार आहे. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) आणि त्यावरून राज खोसलांनी केलेला 'मेरा साया' (१९६६) हे रुंद पडद्याचे सिनेमे नाहीत. त्यांचं चित्र जवळजवळ चौकोनी, जुन्या टीव्हीला फिट्ट बसणारं. आता तेच १६:९ टीव्हीवर पडदाभर दाखवायचा हट्ट धरला की वरखालचा साधारण २३ टक्के भाग उडतो. कोर्टात उभ्या असलेल्या माणसाचं कपाळ गायब. नाहीतर चित्र आडवं ताणतात, मग साधनाचा चेहरा पुरीसारखा फुगतो. म्हणजे टीव्ही रुंद झाला, पण कापाकापी थांबली नाही. फक्त कात्रीची दिशा बदलली.

त्यांची बाजूही ऐकू

वाहिन्यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती. घरात २१ इंची डब्बा, समोर आठ-दहा माणसं. त्यावर सिनेमास्कोप पूर्ण दाखवायचा तर चित्राची उंची जेमतेम सात इंच. वरखाली काळे पट्टे. लोक म्हणणार, टीव्ही बिघडला काय बे? शिवाय अनेक सिनेमांच्या टीव्हीसाठीच्या टेप त्या काळी कापूनच तयार झाल्या. मूळ निगेटिव्हवरून पुन्हा प्रत करायची तर पैसा लागतो, आणि कित्येकदा निगेटिव्हच धड उरलेली नसते.

पण आज? ४३ इंची टीव्ही आता अनेक घरांत आहे. त्यावर सिनेमास्कोप काळ्या पट्ट्यांसह पूर्ण दाखवला, तरी चित्राची उंची १६ इंच भरते. जुन्या २१ इंची टीव्हीचा आख्खा पडदाच साडेबारा इंच उंच होता. म्हणजे आज 'लहान' वाटणारं पट्टेवालं चित्र कालच्या पडदाभर चित्रापेक्षा मोठं आहे. 'लोकांना दिसत नाही' ही सबब आता चालत नाही. उरते ती सवय, आणि काळा पट्टा म्हणजे पैसे वाया गेले असं वाटणं.

कायद्याचं काय? आपल्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नाही. 'रांझणा'च्या वेळी हीच गोष्ट समोर आली. दिग्दर्शक ओरडू शकतो, पण सिनेमा त्याच्या हातात नसतो. शेवट बदलणाऱ्या एआयला आपण नावं ठेवतो, पण 'सिनेमा आमचा, वाटेल तसा दाखवू' ही वृत्ती काही एआयनं आणलेली नाही. ती पॅन अँड स्कॅनच्या काळापासून आहे. आपण तिला सरावलो होतो, एवढंच. आज कड कापलेली चालते, म्हणून उद्या शेवट बदललेला चालेल असं कोणालातरी वाटतं.

मग करायचं काय?

थोडं आपल्या हातात आहे. एक, टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जा. तिथे 'झूम' किंवा ताणलेलं चित्र निवडलेलं असेल तर बदला. सेट टॉप बॉक्समध्येही तसा पर्याय असतो. दोन, सिनेमाची नामावली बघा. नावांची पहिली-शेवटची अक्षरं कापली जात असतील, किंवा माणसं उगाच लांबट-बुटकी दिसत असतील, तर समजा गडबड आहे. तीन, मोबाइलवर दोन बोटांनी चित्र मोठं करण्याआधी विचार करा. रुंद सिनेमाचे बहुधा फक्त काळे पट्टेच जातात, पण 'पाठलाग'सारख्या सिनेमात माणसांची डोकी जातात. योगायोग म्हणजे आजचा २०:९ चा मोबाइल आडवा धरला, तर 'शोले'ची २.२ ची चौकट त्यात जवळजवळ तंतोतंत बसते. चार, कॉलेजात प्रोजेक्टर आहेच. फिल्म क्लब असेल तर एकदा एकाच सिनेमाचे दोन प्रसंग दाखवा, आधी कापलेला, मग पूर्ण. भाषणाची गरज पडणार नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या मातीत चित्रित झालेला 'सैराट' आठवा. शेवटची ती काही मिनिटं, आवाज नसलेली. दारातून काय दिसतं आणि काय दिसत नाही, यावरच तो शेवट उभा आहे. आणखी तीस वर्षांनी कोणीतरी तो प्रसंग कुठल्याशा नव्या पडद्यावर 'फिट' करायला घेईल. चौकटीतलं काय ठेवायचं हे तेव्हा त्यानं ठरवायचं, की ते नागराज मंजुळेंनी ठरवलंय तसंच राहू द्यायचं? याचं उत्तर त्या माणसापेक्षा आपण आज काय खपवून घेतो यावर जास्त अवलंबून आहे. सुरुवात सोपी आहे. काळे पट्टे दिसले की रिमोटकडे हात नेऊ नका.